टाइलवरचं शिसं आणि पॅनमधलं शिसं

माझं काम असं की जुन्या घरांतून काढलेल्या नक्षीच्या टाइल्स आणि जुनी स्वयंपाकाची भांडी जमवणारे लोक त्या वस्तू माझ्याकडे आणून टाकतात आणि मी त्या साफ करून देतो. ऐकणाऱ्याला वाटतं ब्रश, साबण, पॉलिश. पण टाइलचं निम्म्याहून जास्त काम मागच्या बाजूला असतं. चुन्यात बसवलेली असेल तर चुना हळूहळू खरवडून निघतो, पण मधल्या काळात कुणी उत्साहाने सिमेंटने परत चिकटवलेली असली की मेलो. सिमेंट टाइलच्या मातीपेक्षा कडक, छिन्नी मारली की सिमेंट तसंच आणि टाइल दोन तुकडे. मग भिजत घालायची, डायमंड ब्लेडने सिमेंटमध्ये बारीक चौकटी पाडायच्या आणि एकेक चौकट उडवायची, तेही ब्लेड सतत ओलं ठेवून, कारण चुकून ग्लेझला, म्हणजे टाइलवरच्या काचेसारख्या थराला, लागलं तर त्या धुळीत विषारी शिसं असतं. काही जण अॅसिड ओतून मोकळे होतात. ग्लेझला केसासारख्या भेगा असतात, त्यातून ते आत मुरतं, क्षार राहतात, आणि पुढे कधीतरी ग्लेझचे पोपडे निघतात. तोवर साफ करणाऱ्याचे पैसे वसूल झालेले असतात!

तर एक ताई अशीच एक पेटी घेऊन आल्या. 6 इंची, उठावाच्या, गडद हिरव्या आणि मधाच्या रंगाच्या मॅजोलिका टाइल्स, म्हणजे उठावाच्या नक्षीवर रंगीत ग्लेझ दिलेल्या. विकणाऱ्याने त्यांना सांगितलेलं की नक्षीच्या रेषा हाताने काढल्यात, म्हणजे ट्यूब-लायनिंग, पातळ मातीची बारीक धार नळीतून सोडून. मी तीन टाइल्स शेजारी ठेवल्या. पाकळीच्या टोकाशी रेष जिथे जराशी जाड होते ती तिन्हींत त्याच जागी. हाताने काढलेली रेष अशी कधीच येत नाही, हा साचा आहे. मागे Rd No. आणि आकडा होता, हा ब्रिटनमधल्या डिझाइन-नोंदणीचा नंबर, म्हणजे नोंद 1884 किंवा नंतरची, त्याआधी 1842 ते 1883 चौकोनी हिऱ्यासारखा शिक्का मारायचे. कोरडी माती दाबून करायची ही पद्धत रिचर्ड प्रॉसरने 1840 मध्ये पेटंट केली आणि मिंटन या इंग्लिश कंपनीने ती टाइल्ससाठी उचलली, म्हणून तर इतक्या एकसारख्या टाइल्स निघायला लागल्या. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "साचा तर साचा, रंग बघा ना दादा," म्हणाल्या. आणि रंग खरंच बघण्यासारखा होता. खोलगट जागी ग्लेझ साचून जवळजवळ काळा झालेला, उंच जागी पातळ होऊन खालची माती दिसणारी. ही खोली शिशाच्या ग्लेझची. भाजल्यावर शिसं काचेत बंदिस्त होतं, भिंतीवर ते कुणाच्या पोटात जात नाही.

मग त्यांनी पिशवीतून बिडाचा पॅन काढला. छोटा, जड, कडेला ओतायला चोच. तेल मुरून काळाभोर झालेला, दिसायला देखणा. "हा वापरायचाय, फक्त बाहेरचा गंज काढा."

मी सवयीने आत नख फिरवलं तर मधल्या उंचीवर एक करडी रेघ लागली. पातेल्यात पाणी आटत गेल्यावर राहते तशी. हँडलच्या मुळाशी खरवडलं तर मोहरीपेक्षा लहान मणी निघाला, चाकूने लोण्यासारखा कापला गेला, आत चकचकीत. शेजारच्या खाचेत पिवळसर पूड. शिशाची टेस्ट करायची काडी आधी वरवर घासली, काहीच नाही. इथेच लोक फसतात, काळा थर खाली काय आहे ते झाकतो. तो थर थोडा खरवडून लोखंड उघडं केलं आणि परत घासली तर काडी लालबुंद.

शिसं 327 अंशांना वितळतं, साध्या शेगडीवर होतं. मासे धरायच्या गळाची वजनं, बंदुकीच्या गोळ्या ओतायला लोक असे छोटे जड पॅन सर्रास वापरायचे, चोच असली तर अजून बरं. नंतर तेच भांडं धुवून, तेल लावून परत बाजारात. बिडाचा पृष्ठभाग खडबडीत, शिसं बारीक खाचांत बसतं, कॉस्टिकने किंवा इलेक्ट्रोलिसिसने गंज आणि तेलाचा थर जाईल पण सगळं शिसं गेलं याची खात्री मी देऊ शकत नाही.

ताईंना सांगितलं, यात शिजवू नका, घरात लहान मुलं असतील तर अजिबात नाही. आधी विश्वास बसला नाही, मग काडी दाखवली, मग चेहरा उतरला. मी म्हटलं बुडाला भोक पाडून देतो, शोभेला ठेवा. तर म्हणाल्या, "भोक पाडलं तर विकणार कसा?"

म्हणजे स्वतः शिजवणार नाहीत, दुसऱ्याने शिजवलं तर चालेल. असं त्या बोलल्या नाहीत, कदाचित तसा विचारही केला नसेल. बाई वाईट नाहीत. जमवणाऱ्या लोकांचं हे असंच असतं, वस्तूवर एवढा जीव की पुढे ती वापरणारं माणूस दिसतच नाही.

बिलावर मी लिहिलं, 'आत शिसं आढळलं, स्वयंपाकाला वापरू नये.' दोन दिवसांनी त्यांचा फोन, ती ओळ नसलेलं बिल मिळेल का. मी नाही म्हटलं. पॅन मात्र त्यांचा होता, त्यांनी नेला. हिसकावून घेणार होतो का मी? बिलाचा कागद पॅनसोबत थोडाच फिरतो.

आता भांडं घेतानाच सही घेतो, शिसं सापडलं तर भोक पाडल्याशिवाय परत मिळणार नाही. परवा एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने फॉर्म वाचला, हसला, टाइल्स ठेवल्या आणि भांडी दुसरीकडे घेऊन गेला.