पुण्याला नव्हे, लातूरला

मे महिन्याच्या अखेरीस मुलांची शाळा संपली की आम्ही टेक्सासमधले प्लॅनो सोडून कायमचे लातूरला राहायला जात आहोत. हे ज्याला सांगावे त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लातूरला का, पुण्याला का नाही? मराठवाड्यातून बाहेर पडलेल्या माणसाने परत यायचे म्हणजे बाणेर-हिंजवडीपर्यंत, फार तर छत्रपती संभाजीनगरपर्यंत यायचे आणि गावी दिवाळीला, येळवशीला जाऊन यायचे, असे आपल्याच लोकांनी धरून ठेवले आहे. त्याचा मला राग येत नाही, पण ते मला पटतही नाही.

दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो: "सासू-सासरे थकले असतील ना?" होकार दिला की समोरच्याचे समाधान होते, म्हणून तो देण्याचा मोह होतो, पण आम्ही दोघांनी ठरवून तो दिलेला नाही. अण्णांची सत्तरी उलटली आहे, आत्याबाईंचे गुडघे दुखतात, हे खरे आहे. तरीही "तुमच्यासाठी आलो" हे वाक्य एकदा घरात उच्चारले गेले की उद्या वीज गेली, मुलाला शाळेत करमेना, यांच्या नोकरीत मनासारखे झाले नाही, तर प्रत्येक गोष्ट त्या दोघांच्या माथी येईल, आणि ती दोघे ती मुकाट्याने सोसतील. हे मला नको आहे. म्हणून आम्ही मुलांना आणि त्यांनाही एकच सांगितले आहे की आम्हाला तिथे राहायचे आहे, म्हणून आम्ही येत आहोत. मी अंबाजोगाईत वाढले, हे लातुरात. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळे शहर रिकामे होऊन रानात जाते, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, आंबील आणि उंडे यांची पंगत बसते, आणि आम्ही ते इथे मध्यरात्री जागून फोनवर बघतो. मला त्या पंगतीत बसायचे आहे, वाढायचेही आहे.

कागदपत्रांचे काम बहुतेक उरकले आहे. दोन्ही मुलांचा जन्म इथला, त्यामुळे त्यांचे पासपोर्ट अमेरिकेचे आणि सोबत ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते ओळखपत्र. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, म्हणून निघण्याआधी दोघांचेही नवे करून घेतले आणि त्यांच्या प्रती, नव्या फोटोंसह, ओसीआयच्या संकेतस्थळावर अपलोड केल्या. अण्णांना मात्र एवढ्याने चैन पडेना. त्यांनी फोनवर सरळ विचारले, "नातीच्या नावावर रान हुईल का न्हाई?" ओसीआय असलेल्या व्यक्तीला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने ती मिळू शकते, हे मी त्यांना नीट समजावून सांगितले. "मंग झालं," म्हणाले, आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

घरातल्या सामानाचा निकाल लावणे त्यापेक्षा अवघड गेले. इथली वीज ११०-१२० व्होल्टची, तिकडची २३० ची, त्यामुळे इथे वापरलेला मिक्सर तिकडे नेण्यात अर्थ नव्हता. तो नांदेडहून नुकत्याच आलेल्या एका जोडप्याला दिला. भांडी, पुस्तके आणि मुलांच्या सायकली जहाजाने न्हावा शेवा बंदरात उतरतील. मला सगळ्यात जास्त जपावे लागले ते काळ्या तिखटाला. आत्याबाईंनी पाठवलेली शेवटची बरणी तळाला आली आहे. मिरच्या तेलात परतून, खोबरे काळसर भाजून, धने आणि दगडफूल घालून कांडलेले ते तिखट मी आता फक्त रविवारच्या आमटीत घालते, आणि चमचा बरणीच्या कडेने फिरवून राहिलेली पूडही काढून घेते. इथल्या दुकानांत ज्वारीचे पीठ मिळते, मसालेही ढिगाने मिळतात, पण हे मिळत नाही.

प्लॅनोची आठवण मला तिथल्या मातीसाठी येत राहील. डॅलसच्या या भागातली जमीन काळी, चिकण आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आहे, अगदी आपल्यासारखी, आणि एके काळी इथेही कापूसच पिकत असे. अण्णांनी व्हिडिओ कॉलवर अंगणातल्या भेगा पाहिल्या आणि म्हणाले, "हे तर आपल्यासारखंच भारी रान हाय की." माती आटली की घराचा पाया हलतो आणि भिंतींना तडे जातात, म्हणून इथे उन्हाळ्यात पायाभोवती छिद्रांची रबरी नळी पसरून जमीन ओली ठेवतात, आमच्या घरमालकाची तशी सक्त सूचना होती. मी ते पाणी सोडत असे तेव्हा मला दर वेळी एप्रिल २०१६ आठवे. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. मुलांना आम्ही हे सविस्तर सांगितले आहे. तिथे नळाला रोज पाणी येत नाही, टाकी भरून ठेवावी लागते, आंघोळ बादलीतल्या पाण्याने करायची असते. धाकट्याने आतापासूनच बादलीने आंघोळ सुरू केली आहे आणि त्याला ती फार आवडते.

काळजी वाटते ती थोरलीच्या शाळेची. 'लातूर पॅटर्न'च्या, म्हणजे तिथल्या कसून अभ्यास करून घेण्याच्या पद्धतीच्या, नावाने लांबलांबहून मुले शहरात येऊन खोल्या घेऊन राहतात, दहावीच्या आधीच वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीला लागतात. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे, परंतु दहा वर्षांच्या मुलीला त्या वाटेवर आताच उभे करायला माझी तयारी नाही, आणि नातेवाईक काहीही म्हणोत, क्लास लावायचा नाही यावर आम्ही दोघे ठाम आहोत. तूर्त तिचे शिक्षण आजोबांकडे चालू आहे. घरचे सोयाबीन बियाणे पेरण्याआधी अण्णा शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि सत्तरच्या वर उगवले तरच ते बियाणे धरतात. यंदा ते गोणपाट उलगडताना त्यांनी फोन समोर ठेवला आणि मोजणी तिच्याकडून करून घेतली. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचे नाही, हेही तिने वहीत लिहून ठेवले आहे.

आम्ही हैदराबादला उतरून बिदरमार्गे लातूर गाठणार आहोत. थोरलीची एकच अट होती, की शेजारच्या मैत्रिणीशी दर आठवड्याला बोलू द्यायचे. ती गेले काही दिवस रडते आहे, आणि "तिकडे नव्या मैत्रिणी मिळतील" असे म्हणून मी ते रडणे उडवून लावलेले नाही. त्या मैत्रिणीच्या आईबरोबर बसून वेळ ठरवली आहे: प्लॅनोत शुक्रवारी रात्री नऊ, म्हणजे लातुरात शनिवारी सकाळी साडेसात. नोव्हेंबरमध्ये इकडची घड्याळे तासभर मागे गेली की आपल्याकडे साडेआठ होतील, आणि शनिवारची शाळा सकाळची असली तर पुन्हा नवी वेळ शोधावी लागेल. ते आम्ही दोघी आयांनी आपल्याकडे घेतले आहे.