मंगळवारी काय करशील?

प्रवेशाचे दिवस सुरू झाले की संध्याकाळी माझ्या दारात चपला वाढतात. जिंतूरला मी बी.एस्सी.च्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवते. त्यातली काही दरवर्षी एम.एस्सी.साठी पुण्याला, संभाजीनगरला, नांदेडला निघतात आणि जायच्या आधी भेटायला येतात. सोबत वडीलही येतात. मुलं विचारतात, "मॅडम, हॉस्टेल मिळेल का?" वडील जरा थांबून विचारतात, "मॅडम, लेकीला तिथं करमंल का?"

मी मुलांपुढे एक कोरा कागद ठेवते. म्हणते, तिथला एक साधा मंगळवार लिहून दे. गॅदरिंगचा नको, पहिल्या दिवसाचाही नको. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय करशील, तासागणिक लिही.

कागदावर काय येतं ते आता मला पाठ झालंय. सकाळी व्यायाम, मग लेक्चर, मग लायब्ररी, मित्रमैत्रिणींसोबत चहा, स्पर्धा परीक्षेचा चार तास अभ्यास, इंग्रजी बोलण्याचा क्लास. गेल्या वर्षी एका मुलाच्या मंगळवारात सत्तावीस तास भरले. कपडे धुणं कुणीच लिहीत नाही. मेसची रांग नसते, जर्नल पूर्ण करणं नसतं, दुपारी डोकं जड होऊन पडून राहणंही नसतं.

मग आम्ही हिशोब मांडतो. आता एम.एस्सी.च्या एका सत्राला २२ क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचं ३०. समजा १४ क्रेडिट थिअरीची आणि ८ प्रात्यक्षिकांची धरली, तर सत्राचे ४५० तास होतात. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ३० तास नुसते वर्गात आणि प्रयोगशाळेत. वाचन, जर्नल, सेमिनारची तयारी यानंतर. दुसऱ्या सत्रात ऑन-जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, पुढे दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. हे सांभाळून रोज चार तास राज्यसेवेचा अभ्यास करायचा बेत सगळ्यात जास्त मुलांचा असतो आणि सगळ्यात जास्त वाद मी त्यावरच घालते. दोन्ही हवं असेल तर कधी काय मागे ठेवायचं ते आत्ताच ठरवा. नाही ठरवलं तर डिसेंबरात दोन्हीकडे मागे पडाल आणि दोष स्वतःच्या बुद्धीला द्याल.

हे मी एवढ्या जोरात सांगते कारण मीही स्वतःच्या बुद्धीलाच दोष दिला होता.

२००९ साली मी रात्रीच्या एसटीनं पुण्याला गेले. विद्यापीठाचं नाव तेव्हा नुसतं पुणे विद्यापीठ होतं. सावित्रीबाईंचं नाव २०१४ साली लागलं. ४११ एकरांचा परिसर, मोठाले जुने वृक्ष, जयकर ग्रंथालय. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला आणखी काय हवं? गावाकडे मी पहिल्या नंबरची होते. पहिल्या अंतर्गत चाचणीत मला २५ पैकी ९ गुण पडले. घरी सांगितलं नाही. मैत्रिणींनाही नाही.

कारण काय होतं ते बऱ्याच उशिरा कळलं. विषयाचे इंग्रजी शब्द मला येत होते, बी.एस्सी.ला घोकलेले होते. अडत होतं ते साध्या बोलण्यातल्या इंग्रजीत. सर बोलता बोलता 'अझ्यूम' म्हणायचे, 'अकाउंट फॉर' म्हणायचे, आणि मी तिथेच थबकायची. तेवढ्यात पुढची तीन वाक्यं निघून जायची. मग मी वहीच्या समासात ते शब्द देवनागरीत, जसे ऐकू येतील तसे लिहायला लागले आणि रात्री अर्थ शोधायचे. दिवाळीपर्यंत समास भरलेले असत, फेब्रुवारीत बरेचसे कोरे. म्हणून पहिलं सत्र हे कान बसायला लागतं असं धरूनच जा, असं मी मुलांना सांगते. त्या गुणांवरून स्वतःचं मोल करू नका.

पैशांचंही थोडं बोलते. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा अर्ज, राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी असलेल्या स्वाधार आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या योजना, ज्याला जे लागू आहे ते भरायचंच. कॅम्पसवर 'कमवा व शिका' असेल तर चौकशी करायची. पण यातले पैसे प्रवेश घेताक्षणी हातात येत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांची खोली आणि मेस घरून बाजूला काढलेली असावी. हे वडिलांसमोरच सांगते.

आणि मग रविवार. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. पुण्यातल्या बहुतेक मेसना रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. दुपारी गोडाधोडाचं जेवण आणि रात्री कुलूप. आठवडाभर रडू न आलेली मी पहिल्या रविवारी सातच्या सुमाराला बिस्किटाचा पुडा घेऊन खोलीत रडले होते. जवळपास राहणाऱ्या मुली शनिवारीच घरी गेल्या होत्या. माझं घर एका रात्रीच्या प्रवासावर. मला वाटलं, आपणच तेवढ्या कच्च्या. दोन महिन्यांनी कळलं की वरच्या मजल्यावरची लातूरची मुलगी दर रविवारी तशीच एकटी बसायची. पुढे आम्ही दोघी मिळून दूध-पोहे खायचो. आजही आमचा फोन रविवारीच होतो.

म्हणून त्या वडिलांना मी "करमेल" असं उत्तर देत नाही. म्हणते, काका, दिवाळीपर्यंत नाही करमायचं. ती रडली तर लगेच न्यायला जाऊ नका, आणि "रडतेस कशाला" असंही म्हणू नका. पण ती जेवायचीच थांबली, वर्गात जायची थांबली, तर मात्र त्याच रात्री गाडी पकडा.

यंदा एका मुलीनं मंगळवारचा कागद खोडून दुसऱ्यांदा लिहिला. त्यात कपडे होते, जर्नल होतं, दुपारची अर्धा तास झोप होती. अभ्यासाचे तास सहावरून अडीचवर आले होते. कागद माझ्याकडे देता देता तिनं परत घेतला आणि खाली एक ओळ वाढवली: रविवार संध्याकाळ – आईला फोन, मग वरच्या मजल्यावर कोण आहे ते बघणे.