बारा एकांचे अवयव पाडताना

बारा एक ओळीने मांडले की १,११,११,११,११,१११ ही संख्या मिळते. तिचे मूळ अवयव कागद-पेन्सिलीने पाडायचे, असं मी ठरवलं. लहान मूळ संख्येपासून एकेकीने भागत गेलं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ३,३३,३३३ पर्यंत जावं लागण्याची शक्यता होती. मला मात्र त्या संख्येच्या घडणीतूनच वाट काढायची होती.

सुरुवात सोपी गेली. एकांचे सहा-सहाचे दोन गट केले: १,११,१११ × १०,००,००१. पहिला गट म्हणजे १११ × १००१, अर्थात ३ × ३७ × ७ × ११ × १३. दुसऱ्या संख्येत १०० चा घन अधिक १ दिसला आणि दोन घनांच्या बेरजेचं शाळेतलं सूत्र कामी आलं: १०१ × ९९०१.

आता ९९०१ मूळ आहे का? इथे मी सर्वांत जास्त रमलो. ९७ पर्यंतच्या २५ मूळ संख्यांनी भागून पाहता आलं असतं. पण फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये एका पत्रात मांडलेला छोटा सिद्धान्त इथे फार सुंदर चालतो. समजा, ‘प’ ही मूळ संख्या ९९०१ ला निःशेष भागते. मग ती १०,००,००१ लाही भागते. म्हणजे १० च्या सहाव्या घाताला ‘प’ ने भागलं की बाकी −१ (पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), आणि बाराव्या घाताला १. बाकी १ पहिल्यांदा ज्या घाताला येते, तो घात १२ चा विभाजक हवा, पण ६ चा नको. उरले ४ आणि १२. तो ४ असता तर ‘प’ ने १०१ ला भागलं असतं, म्हणजे ‘प’ १०१ च. पण ९९०१ ला १०१ ने भागलं तर ३ उरतात. तेव्हा १२ च. फर्माच्या सिद्धान्तानुसार १० च्या (प − १) व्या घाताचीही बाकी १ येते, म्हणून प − १ ला १२ ने भाग जायलाच हवा.

९७ पर्यंत अशा मूळ संख्या पाचच: १३, ३७, ६१, ७३, ९७. बाक्या आल्या ८, २२, १९, ४६, ७. एकही शून्य नाही, ९९०१ मूळच! पंचविसाच्या जागी पाच भागाकार. याचा आनंद मला उत्तरापेक्षा जास्त झाला.

पुढचं भराभर झालं. बारा एकांच्या संख्येचे सातही मूळ अवयव एकेकदाच येतात, म्हणून तिचे एकूण विभाजक १२८. आणि १/९९०१ दशांशात लिहिला की ०००१००९९९८९९ हा बारा अंकांचा गट अखंड फिरत राहतो.

मग तेरा एक घेतले. १३ ही मूळ संख्या, त्यामुळे सारखे गट पाडता येत नाहीत. पण वरच्याच युक्तीने कळतं, की हिच्या प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केला की १३ ने भाग जायला हवा; अवयव विषम असल्याने २ नेही जातो, म्हणजे त्याला २६ ने भागल्यावर १ उरायला हवा. अशा मूळ संख्यांतल्या पहिल्या दोन ५३ आणि ७९, आणि दोघींनीही निःशेष भाग जातो! उरते २६,५३,७१,६५३. तिचं वर्गमूळ १६,२९० च्या किंचित पुढे आहे, आणि तिथपर्यंतच्या अशाच मूळ संख्या सध्या मी एकेक करून तपासतो आहे.