धर्मपीठावर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारता यावा

आपल्या सीमाभागात धर्मपुरुषांना तोटा नाही आणि श्रद्धेलाही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीपासून थेट बिदरच्या भालकी-औरादपर्यंत अशी कितीतरी मराठी घरे आहेत, की जिथे देवघरात पांडुरंगाची मूर्ती असते आणि बाजूच्या भिंतीवर जवळच्या मठातील स्वामीजींची तसबीर असते. सप्ताहाला कीर्तनकार येतात, श्रावणात मठात प्रवचने होतात, आणि दोन्हीकडे जाणारी माणसे पुष्कळदा तीच असतात. मीही त्यांच्यातलाच एक आहे, आणि म्हणूनच अलीकडे जे दिसते त्याने मन अस्वस्थ होते. चौकाचौकांत महाराजांचे फलक लागतात, तुलाभार होतात, पाद्यपूजेसाठी रांगा लागतात, आणि एखाद्याने वर्गणीचा किंवा वागणुकीचा साधा प्रश्न विचारला की भोवतीची मंडळी त्याला धर्मद्रोही ठरवून मोकळी होतात.

हात जोडणे, खाली मान घालून चालणे, स्वतःला ‘दास’ म्हणवून घेणे या गोष्टी चांगल्याच आहेत. पण ज्याच्यापुढे हजारो माणसे वाकतात त्याची नम्रता त्यावरून ओळखता येत नाही. आपल्याला प्रश्न विचारता येईल अशी वाट त्याने स्वतः मोकळी ठेवली आहे का, आणि आपण चुकलो तर चारचौघांत तसे सांगण्याची त्याची तयारी आहे का, यावरूनच ती ओळखावी असे माझे मत झाले आहे.

या मताला बळकटी देणारी एक गोष्ट मी खानापूर तालुक्यातील एका सप्ताहात पाहिली. कीर्तनकार वयस्कर, अभ्यासू आणि गोड गळ्याचे होते. एका रात्री कीर्तनाच्या ओघात ते म्हणाले, की ज्या घरांतून वर्गणी आलेली नाही त्यांनी पंगतीला बसताना मनाशी विचार करावा. मंडपात हशा पिकला. मात्र त्या घरांपैकी एक घर अशा विधवा बाईचे होते, जी पैसे देता येत नाहीत म्हणून पहिल्या दिवसापासून मंडपामागे पातेली आणि काहिली घासत होती. ती त्या रात्री न जेवताच घरी गेली. दुसऱ्या दिवशी हे महाराजांच्या कानावर आले. त्या संध्याकाळी कीर्तनाला उभे राहिल्यावर त्यांनी आरंभीचा अभंग घेतला नाही. आदल्या रात्रीचे वाक्य त्यांनी जसेच्या तसे पुन्हा म्हटले आणि सांगितले, “हे मी बोललो. हे चुकीचे होते. मला कोणी बोलायला सांगितले नव्हते.” टाळकऱ्यांनी, बहुधा त्यांची अडचण झाकावी म्हणून, ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर सुरू केला, तेव्हा त्यांनी हात वर करून तो थांबवला आणि उरलेले बोलणे पुरे केले. कीर्तन संपल्यावर ते मंडपामागे गेले आणि त्या मावशींच्या पाया पडले. वारकऱ्यांत लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहेच. त्या रात्री त्या रीतीचा अर्थ समोर दिसला.

कमिटीतील काही जणांना हे रुचले नाही. महाराजांनी स्वतःला इतके खाली आणायला नको होते, असे ते म्हणत होते. मला मात्र त्यांचा गजर थांबवणारा हात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे धर्मपुरुषाची चूक बहुतेक वेळा अशाच जयघोषात बुडून जाते, आणि ती बुडवणारे बाहेरचे कोणी नसून आपण भक्तच असतो.

वारकरी आणि मठांची लिंगायत अशा दोन्ही परंपरांत या गोष्टीला आधार आहे. जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, आपल्या तट्टाबैलांसाठी दाणावैरणही मागू नये, असे तुकोबांनी कीर्तनकाराला बजावले आहे, आणि पैसे घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही त्यांनी सोडलेले नाही. आज प्रवासखर्च आणि उदरनिर्वाह म्हणून मानधन द्यावे लागते, हे मला मान्य आहे. पण तो आकडा कमिटीतील दोघातिघांनाच का ठाऊक असावा? पलीकडे बाराव्या शतकात बसवण्णा, म्हणजे बसवेश्वर, बिज्जळ राजाचे भांडारी होते, आणि खजिन्याबाबत आरोप झाल्यावर त्यांनी हिशेब तपासू दिला, असे परंपरेत सांगतात. आपल्याहून लहान कोणी नाही आणि शिवभक्तांहून थोर कोणी नाही, असे म्हणणाऱ्या बसवण्णांनी कल्याणच्या (आजच्या बसवकल्याणच्या) अनुभव मंटपातील, म्हणजे शिवभक्तांच्या चर्चासभेतील, मुख्य आसन स्वतःकडे न ठेवता अल्लमप्रभूंना दिले. त्यांच्याच काळातले शिवभक्त आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून दासोह, म्हणजे अन्नदानाची सेवा, करीत असत; एके दिवशी ते गरजेपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी ते परत टाकून यायला सांगितले. संताच्या घरातही विचारणारे कोणी होते आणि संत ऐकून घेत होते.

आपल्या काळातले उदाहरण हवे असेल, तर विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामीजी आठवावेत. ते कन्नडइतक्याच सहजतेने मराठीतही प्रवचन करीत, त्यामुळे आपल्या लोकांनाही ते परके वाटले नाहीत. त्यांच्या अंगरख्याला खिसा नव्हता. 2018 साली जाहीर झालेली पद्मश्री त्यांनी नम्रपणे नाकारली. आपल्या मागे समाधी बांधू नये, स्मारक उभारू नये, देहाला अग्नी द्यावा आणि रक्षा पाण्यात सोडावी, असे त्यांनी कितीतरी आधी लिहून ठेवले होते. 2 जानेवारी 2023 रोजी ते गेले, तेव्हा लाखोंची गर्दी लोटली आणि तरीही देहाला अग्नीच दिला गेला. आपल्या नावावर उद्या काय काय उभे राहील याची त्यांना पुरती जाणीव असावी, आणि भक्तांच्या प्रेमाला जिवंतपणीच आवर घालणे ही त्यांनी स्वतःची जबाबदारी मानली, असे मला वाटते.

कायद्यावर फार विसंबून चालणार नाही. कर्नाटकातील धार्मिक संस्थांचा 1997 चा कायदा मठांना लागू नाही, आणि गावच्या सप्ताहाचा जमाखर्च तर कोणत्याच कचेरीत जात नाही. राहता राहिले ते स्वतः धर्मपुरुष आणि आपण. आमच्या गावी यंदाच्या सप्ताहाची बैठक होईल तेव्हा मी एवढेच मांडणार आहे, की काल्याच्या कीर्तनाआधी सगळा हिशेब मंडपात मोठ्याने वाचावा, त्यात प्रत्येक कीर्तनकाराचे मानधन यावे, आणि वर्गणी न देणाऱ्यांची यादी कुणाच्याही हाती देऊ नये. असे केले तर नामांकित महाराज येणार नाहीत, अशी शंका काहींनी आताच बोलून दाखवली आहे. जे येतील त्यांचे कीर्तन ऐकू, असे मी त्यांना सांगितले आहे.