दोन गाईंच्या रुंदीची वाट

आयर्लंडच्या मेयो परगण्यात बॅलिंटबरच्या मठापासून क्रोह पॅट्रिक डोंगरापर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची जी वाट जाते, तिला टोखर पाड्रिग म्हणतात. टोखर म्हणजे दलदलीतून बांधून काढलेली वाट, पाड्रिग म्हणजे आयर्लंडचे संत पॅट्रिक. मठ १२१६ सालचा, संत पॅट्रिक पाचव्या शतकातले; परंतु कोनाख्टच्या राजांचे ठाणे असलेल्या क्रुआखनहून या डोंगराकडे येणारा रस्ता त्यांच्याही आधीचा असावा, असे मानतात.

मठात मेणबत्ती लावून निघताना एकच नियम सांगितला गेला: तक्रार करायची नाही, पाय मुरगळला तरी ‘देवाचे आभार’ म्हणायचे. पहिला प्रसंग तासाभरातच आला. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण असलेल्या, आपल्याकडच्या पाणंदीसारख्या एका बोरीनमध्ये एक गाय आडवी उभी होती. रस्त्याला आयरिशमध्ये ‘बोहर’ म्हणतात आणि त्यातला ‘बो’ म्हणजे गाय. आपल्या ‘गो’चे आणि त्याचे मूळ एकच. एक गाय उभी आणि एक आडवी मावेल तो बोहर, असे माप कॉरमॅकच्या जुन्या शब्दकोशात दिले आहे. बोरीन हा त्याचा धाकटा भाऊ, त्यामुळे तिथे आडव्या गाईनंतर माझ्यासाठी जागा उरली नव्हती. कुंपणात अंग चोरून पुढे सरकताना बाही फाटली. देवाचे आभार.

पुढे एका कुरणात मला कुंपण ओलांडायचा पायऱ्यांचा कठडा काही सापडेना. धुके नव्हते, तरी मी दोनदा त्याच दगडापाशी परतलो. गुरे पाहायला आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने गंभीरपणे सांगितले, की भुलवणाऱ्या गवतावर पाय पडला की असेच होते, अंगातला कोट उलटा करून घालावा. मी घातला. कठडा समोरच होता. तो आधी का दिसला नाही, हे मला अजूनही उमगलेले नाही.

ऑहागावर गावचा गोल मनोरा मागे टाकून संध्याकाळी बोहेच्या शिळेपाशी पोहोचलो. वाटीएवढे खळगे आणि त्यांभोवती कोरलेली वर्तुळे यांनी ती भरलेली आहे. लोक तिला पॅट्रिकची खुर्ची म्हणतात, कोरीवकाम मात्र संताच्या कितीतरी आधीचे आहे. १८ एप्रिल आणि २४ ऑगस्टच्या सुमारास इथून पाहिले, तर मावळता सूर्य क्रोह पॅट्रिकच्या माथ्यावर टेकतो आणि उतारावरून घरंगळत खाली जातो. मी दहा दिवस आधी आलो होतो. सूर्य डोंगराच्या बाजूलाच मावळला.

दुसऱ्या दिवशी ७६४ मीटरचा माथा गाठला. शेवटच्या चढणीवर सुटे दगड पायाखालून सरकत होते आणि दर चार पावलांना माझे देवाचे आभार चालू होते.