गरुडापाशी, तीन वाजता

२०२५ ची होळी गुरुवारी आली, १३ मार्चला. सकाळी सातलाच पुरण वाटून फ्रिजमध्ये टाकलं आणि जावयांच्या गाडीत बसून फिलाडेल्फिया शहरात गेले. लेक म्हणाली, "आई, सणाच्या दिवशी कसला गं सेल?" म्हटलं, पोळ्या संध्याकाळी लाटता येतील. ते दुकान २३ तारखेला कायमचं मिटणार आहे, ते काही माझ्यासाठी थांबायचं नाही.

दुकान म्हणजे मेसीज, कपड्यांपासून घरसामानापर्यंत सगळं विकणाऱ्या अमेरिकन साखळीतलं. मार्केट स्ट्रीटवर, तिथल्या सिटी हॉलला लागूनच. जानेवारीत कंपनीने ६६ दुकानं बंद करणार अशी यादी काढली, त्यात हे होतं. लेकीकडे त्याचीच चर्चा. तिच्या ऑफिसातल्या बायका हळहळत होत्या आणि त्याच दमात सूट किती टक्क्यांवर गेली तेही सांगत होत्या. मला दोन्ही समजत होतं. १९७९ ते २००८ मी मुंबईत एका सहकारी भांडारात कापडखात्यात उभी होते. उभी म्हणजे खरोखरच उभी. पोटऱ्यांवरच्या हिरव्या शिरा ही माझी खरी ग्रॅच्युइटी. पुढे आमचं कापडखातं बंद झालं आणि त्या जागी बिस्किटं-फरसाणाचे रॅक आले. तेव्हा मी निवृत्त झाले होते, त्यामुळे ते शेवटचे दिवस पाहायचे राहूनच गेले. इथे परक्याचे का होईना, पाहायला मिळणार होते.

जावयांनी दारात सोडलं. "आई, मी तीन वाजता येतो. तुम्ही आत गरुडापाशी थांबा." मी विचारलं, "कुठला गरुड?" ते म्हणाले, "दिसेल."

दिसलाच. मधोमध सात मजले उंच चौक, आणि त्यात दगडी चौथऱ्यावर ब्राँझचा गरुड. वजन अडीच हजार पौंड, म्हणजे अकरा क्विंटलच्या वर. पीस न् पीस वेगळं घडवलेलं. सेंट लुईसला १९०४ मध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथून आणलेला. तेव्हापासून या शहरातली माणसं एकमेकांना सांगतात, 'मीट मी ॲट द ईगल'. आपण नाही का, व्हीटीला 'इंडिकेटरखाली भेटू' म्हणत होतो, तसं. जावई अमेरिकेत येऊन बारा वर्षं झाली, तेही सहज तेच बोलून गेले.

पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. बाराला ऑर्गन सुरू झाला, नळ्यांतून हवा सोडून वाजवायचं भलंमोठं वाद्य. तोही त्याच प्रदर्शनातला. या दुकानाच्या मूळ मालकाने, जॉन वॉनामेकरने, १९०९ मध्ये विकत घेतला आणि तेरा मालडब्यांतून इथे आणला. पुढे त्यात भर घालत घालत त्याच्या नळ्या अठ्ठावीस हजारांवर गेल्या. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण खालचे सूर लागले की आधी तळपायांना कळतं, मग कानांना. माझ्या पुढे एक बाई हातात पाच हँगर घेऊन उभी होती, पाचही झगे बिनबाह्यांचे, उन्हाळी. ती वर बघत राहिली आणि हँगर एकेक करून तिच्या मनगटावरून घसरत खाली गेले. उचलले नाहीत तिने, गाणं संपेपर्यंत.

या वॉनामेकरबद्दल जावयांनी गाडीत सांगितलं होतं, त्यातलं एक मला फार भावलं. १८७६ मध्ये त्याने रेल्वेचं जुनं मालधक्क्याचं गोदाम घेऊन त्यात दुकान थाटलं. तेव्हा तिथेही आपल्यासारखीच घासाघीस चाले, तोंड बघून भाव. मालाला किमतीची चिठ्ठी लावायची आणि धन्याला नि गड्याला एकच भाव घ्यायचा, ही रीत ज्यांनी रुजवली त्यांत हा मोठा. आवडलं नाही तर माल परत, पैसे परत, हेही तो जाहिरातीत छापून सांगायचा.

आमच्या भांडारात गल्ल्याच्या वर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'एकच भाव' लिहिलेलं होतं. तरी गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "बाई, दोन रुपये तरी सोडा." माझं उत्तर ठरलेलं, "सोडले असते हो, पण दुकान माझं नाही, तुमचंच आहे. तुम्ही सभासद ना?" यावर बोलायला काही उरत नाही. पण खरं सांगायचं तर सगळ्यांच्या हातांना ती दोन रुपयांची खाज असतेच. सेल म्हणजे दुसरं काय? दुकानदाराने आपणहून आपल्याशी आधीच करून ठेवलेली घासाघीस.

आमचा सेल चैत्रात, पाडव्याच्या आगेमागे. आदल्या रात्री दहापर्यंत थांबून आम्ही जांभळ्या पेन्सिलीने जुने भाव खोडून नवे लिहायचो. वायलच्या साड्या, पंचे, टॉवेल, सोलापुरी चादरी, उशांचे अभ्रे आणि दाराबाहेर टेबलावर कटपीसचा ढीग. पॉपलिन, केंब्रिक, लठ्ठा, मांजरपाट, सगळं एकात एक. त्या ढिगातून परकराला पुरेल असा तुकडा शोधणारी बाई बघावी. हात ढिगात कोपरापर्यंत, डोळे भलतीकडेच, आणि बोटांनाच कळतं की हे वायल, हे टेरिकॉट. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचा माल आटला. मग भिवंडी-इचलकरंजीच्या पॉवरलूमचं कापड आमच्या फळ्यांवर आलं. पन्हा तोच, रंगही तेच. पण आमच्या जुन्या गिऱ्हाईक बायका कापड बोटांत चुरगाळायच्या, खळीची पूड झडली की माझ्याकडे बघायच्या. काही बोलायच्या नाहीत. निम्म्या बायकांचे नवरेच संपावर होते.

असो. विषय फिलाडेल्फियाचा.

खालच्या मजल्यावर वसंत ऋतू होता. बाहेर गारठा, रस्त्यावरच्या झाडांना पान नाही, आणि आत फिक्या पिवळ्या, पोपटी, गुलाबी झग्यांच्या रांगाच्या रांगा. त्यांचा ईस्टर त्या वर्षी २० एप्रिलला, त्याची ही खरेदी. मी सवयीने दोन-तीन झगे उलटे करून शिवणी पाहिल्या. माया म्हणून नाही! पाव इंच सोडलंय आणि ओव्हरलॉक मारून मोकळे. अंग भरलं की झगा गेला. एकावर लिनन असं मोठं लिहिलेलं, आतली बारीक चिठ्ठी वाचली तर निम्म्याहून जास्त रेयॉन. फॅशनबद्दल मी बोलू नये. नातीसाठी पिवळा फ्रॉक मात्र घेतला, त्याला खिसे होते म्हणून. लेकीने बजावलेलं आठवलं की त्या राज्यात कपड्यांवर विक्रीकर नाही, चादरी-भांड्यांवर शहरात आठ टक्के. म्हणजे फ्रॉक सुटला, चादर सापडली.

वरच्या मजल्यावर घरसामान. तिथे मात्र सेलची कळा उतरलेली होती. तव्यांची झाकणं होती आणि तवे नव्हते. सहाच्या संचातले पाच पेले. ज्या रॅकवर माल मांडायचा त्या रॅकलाच किमतीची चिठ्ठी. एक डोकं नसलेला पुतळा, त्यालाही चिठ्ठी. मी इतकी वर्षं दुकानात काढली, पण मांडणीच विकायला काढलेली कधी पाहिली नव्हती. पुतळ्याला ओलांडून पुढे गेले तर टॉवेलांची चळत. सवयीने कोपरा उलटला, 'मेड इन इंडिया'. डोंबिवलीहून निघालेली मी आणि कुठल्या तरी आपल्याच गिरणीतून निघालेला तो, गाठ पडली ती अशी.

तिथेच ती बाई भेटली.

माझ्याच वयाची असावी, काळी, केस बारीक कापलेले, पायांत जाड तळव्यांचे बूट. बूट बघूनच ओळखलं, आपल्यातली. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. लोक येऊन ढीग उपसत होते आणि ती परत घड्या घालत होती. दहा दिवसांत दुकान मिटणार, हा ढीग उद्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही, हे तिला काय ठाऊक नसेल? पण हात थांबत नव्हते. मी बाजूला उभी राहिले, आणि का कोण जाणे, एक टॉवेल उचलून घडी घातली. तीन पदरी, कडा आत, दुमड पुढे. तिने घडी पाहिली, मग मला पाहिलं. "यू वर्क्ड इन अ स्टोअर." विचारलं नाही, सांगितलंच. मी म्हटलं, "ट्वेंटी नाइन इयर. क्लॉथ."

माझं इंग्रजी दुकानी. साईज, कलर, फिक्स रेट, नो फेड. तेवढ्यावर आम्ही तासभर बोललो. ती इथे लागली तेव्हा दारावर वॉनामेकरचंच नाव होतं. मग १९९५ पासून पाट्या बदलत गेल्या, २००६ मध्ये मेसीज आलं. ती तिथेच, चादरी-टॉवेलांपाशी. लहानपणी आई तिला नाताळातला दिव्यांचा खेळ बघायला इथे आणायची, १९५६ पासून तो या चौकात होत आलाय. आता पुढे काय, हे मी विचारलं नाही. आपल्याला कुणी विचारलेलं आवडायचं नाही.

चादरींचा सेल ही कल्पनाही या दुकानाचीच, हे तिने मला अभिमानाने सांगितलं. नाताळ झाला की धंदा थंड, म्हणून वॉनामेकरने १८७८ च्या जानेवारीत पलंगपोस-चादरी स्वस्तात काढल्या. तेव्हा चादर म्हणजे पांढरीच, म्हणून नाव पडलं 'व्हाइट सेल'. पुढे चादरी रंगीत झाल्या, नाव राहिलं.

मग तिने एक संच उघडून दाखवला. वरची चादर, दोन अभ्रे आणि एक चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलेली, गादीला मोज्यासारखी चढवायची. कापड मी उजेडाकडे धरून पाहिलं. उभे-आडवे धागे सारखे, एक गाठ नाही, चुरगाळलं तर खळ नाही. अस्सल सुती. पण या इलॅस्टिकवालीची घडी कशी घालणार? लेकीकडे ती कपाटात बोळा करून कोंबलेली असते आणि मला ते दर वेळी डोळ्यांत खुपतं. मी हाताने विचारलं. ती हसली आणि चादर झटकली.

दोन शेजारचे कोपरे उलटे करून दोन हातांत मोज्यांसारखे घालायचे. उजवा हात डाव्यापाशी आणून त्याच्यावरचा कोपरा डाव्यावर उपडा करायचा, टोपीवर टोपी. मग खाली लोंबणारे कोपरे एकेक करून त्यातच बसवायचे. चारी कोपरे एका मुठीत आले की चादर टेबलावर पसरायची, इलॅस्टिक वर. त्याच्या सुरकुतलेल्या दोन कडा आत दुमडल्या की सरळ चौकोन उरतो. मग तिघडी. मला पहिल्यांदा गाठोडं जमलं. दुसऱ्यांदा समोसा. तिसऱ्यांदा घडी झाली, तेव्हा तिने टेबलावर थाप मारली.

साध्या चादरीची घडी एकटीने कशी घालायची, हे मी करून दाखवायला गेले, मधली दुमड हनुवटीखाली धरून, साड्यांची घालायचो तशी. तर तिने तोवर दुसरी चादर घेऊन हनुवटीखाली धरलेलीच होती.

घड्याळात तीनला पाच कमी. संचाची किंमत १२० डॉलर, साठ टक्के सूट जाऊन ४८, त्यावर आठ टक्के कर, ५१ डॉलर ८४ सेंट. म्हणजे साडेचार हजार रुपये चादरीला! एरवी मी जीव गेला तरी दिले नसते. दिले. धावतपळत खाली आले तर जावई गरुडाच्या पंजापाशी उभे. "मिळालं का आई, हवं ते?" मी पिशवी दाखवली.

संध्याकाळी पोळ्या केल्या, एक फुटली.

आता डोंबिवलीला परतूनही महिना होऊन गेला. गेल्या रविवारी तो संच काढला आणि आमच्या पलंगावर चढवायला गेले. एका बाजूने इलॅस्टिक गादीखाली जाईना, दुसऱ्या बाजूला वीतभर कापड लोंबतंय. टेप आणला. त्यांची क्वीन साईज म्हणजे साठ इंच बाय ऐंशी. आमची गादी बहात्तर बाय पंचाहत्तर. एकोणतीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला "बाई, पलंगाचं माप आणलंय का?" विचारल्याशिवाय मी चादरीला हात लावू दिला नव्हता.

कोपऱ्यावरच्या टेलरकडे नेली. इलॅस्टिक उसवून सहा अभ्रे होतील म्हणाला. कापड बोटांत चोळून "माल चांगलाय" असंही म्हणाला. मग टेप गळ्यात अडकवत विचारलं, "आजी, माप कुणी घेतलं होतं?"

"जावयांनी," मी म्हटलं.