बँकॉक ते टोकियो: जाताना पाठीवर वारा, येताना तोंडावर

बँकॉक ते टोकियो हवाई अंतर साधारण 4,600 किलोमीटर. जानेवारीत जाताना आम्ही साडेपाच तासांत पोचलो. परतताना मात्र सात तास होत आले तरी विमान उतरायचं नाव घेईना.

ही करामत जेट स्ट्रीमची. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा हा वारा हिवाळ्यात जपानवर फार जोरात असतो, कधी कधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर. समोरच्या स्क्रीनवर वेगाचा आकडा बघत बसा, पिक्चरपेक्षा जास्त करमणूक होते. जाताना तैवान मागे पडलं आणि आकडा चढत चढत अकराशेच्या घरात गेला. येताना त्याच पट्ट्यात तो सातशेला रखडला होता. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने टोकियोजवळच्या तातेनोहून फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाने वाचावं म्हणून 1926 मध्ये अहवाल लिहिला तो एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत, त्यामुळे जगाने तो वाचलाच नाही! उन्हाळ्यात हा झोत मंदावून उत्तरेला सरकतो, तेव्हा जाण्यायेण्यातला फरकही कमी होतो.

तिकिटावर मात्र सगळं उलटं दिसतं. टोकियोचं घड्याळ बँकॉकच्या दोन तास पुढे. समजा, विमान रात्री 11 ला सुटून सकाळी 7 ला पोचतंय: कागदावर आठ तास, प्रत्यक्षात सहा. परतीचं संध्याकाळी 5 ला सुटून रात्री सव्वादहाला पोचतंय: वाटतात सव्वापाच, बसावं लागतं सव्वासात तास. त्यामुळे सुटण्या-पोचण्याच्या वेळा वजा करत बसू नका, तिकिटावर प्रवासाचा एकूण कालावधी दिलेला असतो तो बघा.

रात्रीच्या विमानाने हॉटेलची एक रात्र वाचते, असा हिशेब बरेच जण करतात. मला तो पटत नाही. वारा जोरात असला की रात्रच आखूड होते. सुटल्यावर जेवणाची गाडी फिरते, उतरायच्या दीड-दोन तास आधी नाश्त्यासाठी दिवे लागतात. मधे झोप मिळते जेमतेम तीन तास. शिवाय टोकियोतल्या बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी 3 च्या आधी हातात पडत नाही. रात्रीचंच घ्यावं लागलं तर विमानतळावर जेवून घ्या, नाश्त्याला उठवू नका म्हणून सांगून ठेवा आणि पोचल्यावर बॅगा हॉटेलात टाकून बाहेर पडा.

दिवसाचं विमान असेल तर जाताना डावीकडची खिडकी पकडा. हिवाळ्यात आकाश स्वच्छ असतं आणि उतरायच्या थोडं आधी फुजी पर्वत दिसू शकतो. पण तिथे डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी लवकर सुटणारं विमान बघा. परतताना खिडकी उजवीकडची.

भाडं बघताना विमानतळही बघा. टोकियोला दोन आहेत: हानेदा शहरापासून 15 किलोमीटरवर, नारिता 60. रात्री उशिरा नारिताला उतरणारं तिकीट कितीही स्वस्त असलं तरी मी घेणार नाही, कारण मध्यरात्रीच्या सुमारास ट्रेन बंद होतात आणि टॅक्सीत सगळी बचत जाते. बँकॉकलाही सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग असे दोन विमानतळ आहेत. पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर ते कुठून सुटतं ते तपासा. आणि थायलंडचा डिजिटल अरायव्हल कार्डचा ऑनलाइन फॉर्म पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचा असतो. परतीच्या वेळीही तो नव्याने भरावा लागतो, म्हणून टोकियोतून निघण्याआधीच उरकून टाका.